ओटिली मावशी विरघळली

इथे टाळ्या वाजवत नाहीत. तास संपला की सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत सुतार बसलेत.

*

पाकात एक दाणा पडला की सगळा पाक गोठून बसतो. माझी आई उत्तर जर्मनीत, ल्यूबेकमध्ये बदामाची मिठाई करणाऱ्या कारखान्यात आहे. तिचं आयुष्य दाणा पडू नये याच धडपडीत गेलं.

*

बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय भाजलंत हो आज? बदामाचा केक?" मी म्हटलं, हो. "घर काय दरवळत असेल!" त्या म्हणाल्या. पुढच्या थांब्यावर मी उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले.

*

इलेक्ट्रॉनचा बाण जिथे ते जास्त आहेत तिथून निघतो आणि जिथे कमी आहेत तिथे पोचतो. उलटा कधीच जात नाही.

*

चंबू जरा ओला होता. पाणी चालतं या प्रयोगात.

*

नापास दोनदा होता येतं. तिसऱ्यांदा झालात की संपलं, मग या देशातल्या कुठल्याच विद्यापीठात तो विषय पुन्हा घेता येत नाही. भूगोल घ्या, लॅटिन घ्या, वनशास्त्र घ्या. रसायन नाही.

*

मी दोनदा झाले होते.

*

आता सलग सांगते. जमेल तितकं.

माझं नाव गेझा. सेंद्रिय रसायनाचा पहिला पेपर, जो आमच्याकडे सगळ्यांनाच द्यावा लागतो, रसायनवाल्यांना, औषधनिर्माणवाल्यांना, शाळेत शिकवायला जाणाऱ्यांनाही, तो मी दोनदा दिला आणि दोनदा पडले. तिसरी वेळ तोंडी असते. सोमवारी, प्राध्यापिका आउम्युलर बाईंसमोर. पण त्या खोलीत पाऊल टाकायचं तर आधी प्रॅक्टिकलमधले सगळे पदार्थ स्वतःच्या हाताने बनवून जमा झालेले हवेत. एक जरी राहिला तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे नापास. न बोलताच नापास.

माझा एक राहिला होता. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि पदार्थ जमा करतात ती वजनकाट्याची खोली चारला बंद होणार होती.

तो सगळ्यात सोपा प्रयोग. पिवळा पदार्थ म्हणतात त्याला सगळे, खरं नाव लांबलचक आहे आणि कोणी घेत नाही. दोन वाटे बेन्झाल्डिहाइड, म्हणजे कडू बदामाचा वास येणारं तेल. एक वाटा अॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढतात ते. थोडा अल्कोहोल, थोडा कॉस्टिक सोडा, आणि ढवळायचं. पाव तासात पिवळ्या पापड्या पडायला लागतात. नवखी पोरं पहिल्या आठवड्यात करतात. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता, ताटातला गोड घास ठेवतात तसा.

पिवळं काही पडलं नाही.

तेल पडलं. मधासारखं, जड, चंबूच्या तळाशी. वरचं पाणी ओतून टाकलं, बर्फात ठेवलं. तेलच. अल्कोहोलमध्ये विरघळवून पुन्हा गार केलं. तेलच.

असं झालं की काचेची कांडी घ्यायची आणि चंबूच्या आतल्या भिंतीवर खरवडत बसायचं. भिंतीवर ओरखडे उठतात, कुठल्यातरी ओरखड्यात पहिला स्फटिक धरतो आणि मग बाकीचे त्याच्यामागे येतात. निदान तसं म्हणतात. आवाज असा होतो की दातांच्या मुळाशी कळ जाते. सकाळपासून मी खरवडत होते. बोटाला फोड आला, फुटला, हातमोज्यात चिकटला.

"किती वेळ गुदगुल्या करणार आहेस गं त्याला?" शेजारच्या कपाटाकडून कोर्बिनियान म्हणाला. आम्ही काम करतो ती काचेची कपाटं, धूर ओढून घेणारी, ओळीने असतात आणि त्याचं माझ्या शेजारी होतं. तो बायर्नचा, दक्षिणेकडचा. बोलताना शब्द चघळतो. "हसत नाहीये तो."

"गप बस."

"शिव्या घालून बघ. आमच्याकडे गाय दूध चोरायला लागली की काका तिच्या कानात शिव्या घालतो."

"आणि देते?"

"नाही. पण काकाला बरं वाटतं."

त्याचा पिवळा पदार्थ मातीच्या सच्छिद्र थाळीवर पसरलेला होता. जाड, चकचकीत पापड्या. वाटीत घालून दूध ओतावं अशा. मी तिकडे बघत नव्हते. म्हणजे बघतच होते.

*

ओटिली मावशीबद्दल सांगायला हवं.

लॅबच्या कपाटात मोहरीच्या चटणीची एक रिकामी बरणी आहे आणि तिच्यात बोटाएवढी कुपी. कुपीत पिवळे दाणे. ही ओटिली मावशी. ज्याचं तेल गोठत नाही त्याने तिच्यातला एक दाणा घ्यायचा आणि तेलात टाकायचा. आपलं माणूस भेटलं की तेल गोठतं. मग आपल्या पदार्थातला एक दाणा परत मावशीत घालायचा. घेतला तितका द्यायचा. कधीपासून चाललंय कोणाला माहीत नाही. आमचा असिस्टंट थिलो शिकत होता तेव्हाही मावशी होती, आणि त्याच्या असिस्टंटच्या वेळीही. म्हणजे तिच्यात आता पहिला दाणा कदाचित उरलाही नसेल, नुसती पुढच्या पुढच्यांची परतफेड.

दुपारी मी मावशी मागायला गेले. थिलो संशोधन करतो आणि पोट भरायला आम्हाला सांभाळतो. उंच, वाकलेला, संरक्षणाचा चष्मा कायम केसांत. सही त्याची लागते.

"या बाईसाहेब," तो म्हणाला. "मावशीकडे? पाया पडून मागा."

मी चिमट्याने एक दाणा उचलला. तो माझ्यामागे कपाटापर्यंत आला, कोर्बिनियानही आला. चंबू बर्फात. दाणा तेलावर सोडला.

तो तेलात बुडाला, थांबला, आणि आम्ही तिघं श्वास धरून बघत असताना त्याच्या कडा पुसट झाल्या. मग तो छोटा झाला. मग नव्हता.

"मावशी विरघळली," कोर्बिनियान म्हणाला. गमतीने नाही.

"म्हणजे काय?" थिलोने विचारलं. मला.

"तेल अशुद्ध आहे."

"हा अंदाज."

"पाणी राहिलंय."

"हाही अंदाज."

"गरम होतं अजून."

"बर्फात आहे, गेझा." त्याने चष्मा केसांतून काढला, पुसला, पुन्हा केसांतच घातला. "तुझे दोन्ही पेपर मी तपासलेत. एका प्रश्नात तू बाण दोन्ही बाजूंनी काढला होतास. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. म्हटलं, वा, बाई हुशार आहेत, एक तरी लागेलच."

मी चिमटा पुसून ठेवला.

"चारला काटा बंद. मी जेवून येतो."

*

मी अभ्यास करत नव्हते असं कोणी म्हणू नये. माझ्या खोलीच्या भिंतीवर पुठ्ठ्याची कार्डं होती, फ्रिजवर होती, संडासाच्या दारामागे होती. पुढून काय घातलं, मागून काय मिळालं. माझ्याबरोबर राहणारी मुलगी कायद्याची, तिलाही त्यातली निम्मी पाठ झाली. एकदा तिने जेवताना कार्ड धरलं, उत्तर आधी स्वतःच म्हणाली आणि वर म्हणाली, "पण असं का होतं गं?"

मी म्हटलं, "ते विचारत नाहीत."

तेच विचारतात.

*

"ऐक," कोर्बिनियान म्हणाला. थिलो गेला होता, बाकीचे गेले होते. फक्त पंख्यांचा आवाज. "माझं खूप झालंय. अर्धं घे."

"काय?"

"अर्धं घे म्हणतोय. पिवळं ते पिवळं. त्याच्यावर माझं नाव थोडंच लिहिलंय?"

त्याने कागद दुमडून पापड्या एका रिकाम्या कुपीत ओतल्या. कुपी माझ्या हातात दिली. हलकी होती आणि सुंदर होती. मला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. कार्डाच्या मागे लिहिलेलं असावं तसं ते माझ्या डोक्यात होतं: अशा वेळी माणूस नाही म्हणतो.

मी कुपी अॅप्रनच्या खिशात टाकली.

"शहाणी आहेस," तो म्हणाला आणि भांडी घासायला बेसिनकडे गेला. पाणी सोडल्याचा आवाज, मग अॅसिटोनच्या पिचकारीचा फस्स. शेवटी त्यानेच विसळतो आम्ही सगळे, भांडी लवकर सुकतात. लॅबमध्ये तो वास कायमच असतो, कोणाला येत नाही.

सुटले, म्हणून मी खुर्चीवर बसले. पण सुटले नव्हते. आउम्युलर बाई तोंडीत आपल्याच पदार्थांवर विचारतात, सगळ्यांना माहीत आहे. काय दिसलं? आधी काय पडलं? रंग कधी बदलला? मी काय सांगणार होते? आणि थिलो नसला तरी त्याचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. म्हणजे काय? म्हणजे काय? मावशी विरघळली म्हणजे काय?

*

पुन्हा इथून.

पाकात साखरेचा दाणा पडला तर पाक बसतो. मिठाचा दाणा पडला तर बसत नाही, नुसता विरघळतो आणि पाक खारट होतो. आई हे सांगेल. आईच कशाला, कोणीही सांगेल.

मावशी म्हणजे पिवळा पदार्थ. पिवळा पदार्थ माझ्या तेलात विरघळला. म्हणजे माझं तेल पिवळा पदार्थ नाही. अशुद्ध नाही, ओलं नाही, गरम नाही. ते ते नाहीच.

सकाळपासून मी ज्याच्या भिंती खरवडत होते ते दुसरंच काहीतरी होतं. ते जन्मभर खरवडलं असतं तरी पिवळं झालं नसतं.

मग काय आहे ते?

"कोर्बिनियान!"

"ओ!"

"इकडे ये. याचा वास घे."

"मी का? तुला नाक नाही?"

"माझ्या अंगालाच बदामाचा वास येतो. मला कळत नाही."

तो हात पुसत आला. चंबूवरून हाताने हवा स्वतःकडे ओढली, शिकवलंय तशी. पुन्हा ओढली.

"बदाम नाही," तो म्हणाला. "फुलं. आजीचा साबण."

"नक्की बदाम नाही?"

"मी काय मिठाईवाला आहे? नाही म्हणजे नाही."

बदाम नाही. सगळा बदाम संपला. दोन वाटे घातले होते ते सगळे वापरले गेले, तरी पिवळं झालं नाही.

कपाटाच्या समोरच्या सरकत्या काचेवर आम्ही सगळेच लिहितो, जाड पेनने. तापमान, वेळ, कोणाची तरी बदनामी. मी काच खाली ओढली, कोर्बिनियानने काढलेली गाय पुसली आणि अॅसिटोन काढलं. मध्ये एक, दोन बाजूंना दोन हात. प्रत्येक हाताने एकेक बेन्झाल्डिहाइड पकडायचं. दोन्ही हात भरले की पिवळा पदार्थ. हे कार्डावर होतं. कार्डावर फक्त शेवटचं चित्र होतं, दोन्ही हात भरलेलं.

पण हात एकदम भरत नाहीत. आधी एक भरतो.

बाण जिथे जास्त आहे तिथून, जिथे कमी आहे तिथे. पहिला बाण काढला. एकच काढला, एकाच दिशेने, आणि पेन काचेवर तसंच टेकवून उभी राहिले. आता दुसरा हात मोकळा आहे. त्याला दुसरा बदाम मिळाला तर ठीक. पण समजा आसपास अॅसिटोनच खूप असेल? प्रत्येक बदामाला समोर नवं, दोन्ही हात मोकळे असलेलं अॅसिटोन भेटेल. सगळे एकेक हात धरून बसतील. दुसऱ्या हातासाठी बदाम उरणारच नाही.

अर्धा पदार्थ. मी काचेवर लिहिलं, 'अर्धा'. एक हात भरलेला, एक रिकामा. असला पदार्थ अंगाच्या उबेलाही वितळत असणार, जरा मळला की तेल. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कुठल्याच कार्डावर नव्हतं. ते तिथे काचेवर होतं, काचेमागे चंबू होता, आणि दोन्हींचं एकमेकांशी जमत होतं. मला रडू आलं. आनंदाने नाही, उशीर झाला होता म्हणून.

"मी मोजून घातलं होतं," मी म्हटलं. "अॅसिटोन बरोबर होतं. दोनदा बघितलं होतं मी."

"मग?"

"मग माहीत नाही. पण जास्त झालंय. आणखी बदाम हवा. रिकाम्या हातासाठी."

"सामानाची खिडकी बंद झाली गं. शुक्रवार आहे."

"तुझ्याकडे उरलं असेल की."

त्याच्या बाटलीच्या तळाशी होतं थोडं. झाकणाभोवती पांढरा चुरा जमला होता. हवा लागली की बेन्झाल्डिहाइड हळूहळू आंबतं, आम्ल होतं, पांढरं. तसंच ओतलं असतं तर त्या आम्लाने माझा सोडा खाऊन टाकला असता. हेही मला माहीत होतं, आणि पहिल्यांदाच ते माहीत असणं उपयोगी पडलं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते धुतलं, तेलाचा थर वेगळा केला. कोर्बिनियानने चंबू धरला.

"तुझ्या खिशात कुपी आहे," तो हळूच म्हणाला. "विसरू नकोस. उगाच जिवाचं रान..."

"धर नीट."

तेलात अल्कोहोल, बदाम, सोडा. ढवळायला लावलं.

काही नाही.

काही नाही.

पिवळट पाणी गोल गोल फिरत होतं. बाहेर थिलोच्या किल्ल्यांचा आवाज आला, जिन्यात. मी काचेवरचे बाण पुन्हा वाचले. एकही उलटा नव्हता. मग, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं, कडेला काहीतरी ढगाळलं.

कांडी लावली नाही. मावशी घातली नाही. ते आपलं आपण पडलं. एकदम पडलं, सगळ्या बाजूंनी, इतकं की ढवळणारा लोहचुंबक आत अडकला आणि खडखडायला लागला. पिवळं.

कोर्बिनियान त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. काका गाईच्या कानात म्हणतो तसलं असावं.

*

गाळलं, थंड पाण्याने धुतलं, मातीच्या थाळीवर पसरून चमच्याच्या पाठीने दाबलं. माती पाणी पिते, पण माती घाई करत नाही. मी दाबत होते आणि फुंकत होते.

"झालं का बाईसाहेब?" थिलो दारात. "काटा बंद करतोय."

एका हातात थाळी. दुसरा हात खिशात, कुपीवर. कुपीतल्या पापड्या मोठ्या आणि चकचकीत होत्या. थाळीवरचा माझा चुरा फिका होता, जेमतेम होता, कडेला ओलाच होता. कोणीही शहाण्या माणसाने कुपी दिली असती. मी चांगुलपणाने थाळी पुढे केली असं नाही. काचेवर मी जे लिहिलं होतं ते खरं होतं की नाही हे फक्त थाळीवरचा पदार्थ सांगू शकत होता, आणि ते कळल्याशिवाय मला तिथून जाता येत नव्हतं.

थिलोने चुऱ्यातली चिमूट केसाएवढ्या नळीत भरली आणि नळी द्रवणांकाच्या यंत्रात लावली. त्याने भिंगातून बघितलं. मग मला बघू दिलं. नव्वद. शंभर. नळीत पिवळा कण बसलेला, मख्ख. एकशे पाच. कडेला ओल चढली. एकशे आठला तो वाकला, आणि एकशे नऊला नव्हता. थेंब होता.

"पुस्तकात एकशे दहा," थिलो म्हणाला. "चालेल."

सही करायला तो कपाटाकडे आला आणि काच बघून थांबला. डावीकडून उजवीकडे सगळं वाचलं.

"कोणी लिहिलं?"

"मी."

"अॅसिटोन जास्त कुठून आलं?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"नाही करत."

त्याने सही केली. मग म्हणाला, "मावशीचं देणं राहिलंय." मी माझ्यातला एक दाणा मावशीच्या कुपीत टाकला. बाकीच्यांपेक्षा तो फिका दिसत होता.

कोर्बिनियानला त्याची कुपी परत दिली तेव्हा तो म्हणाला, "ठेव. तुझ्या लग्नात वाढू."

*

रविवारी आईचा फोन. मागे यंत्रांचा आवाज. सणाच्या आधी त्यांचा रविवारही कामाचा असतो.

"उद्या काय आहे गं तुझं?"

"काही नाही."

"आवाज असा का येतोय?"

"सर्दी."

"आज एक घाणा वाया गेला बघ. कोणीतरी भांडं नीट पुसलं नव्हतं, दाणा पडला. सगळं फेकलं." आणि मग, "तू जेवतेस ना?"

तिला वाटत होतं, मी तो पेपर कधीच पास झालेय. कारखान्यात सगळ्यांना तिने तसं सांगितलेलं.

*

सोमवारी खोलीत आउम्युलर बाई, त्यांच्या शेजारी टिपणं घेणारे एक गृहस्थ, आणि फळा. पहिला प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यातली सगळी कार्डं कोरी झाली. पुढूनही, मागूनही. गृहस्थांचं पेन थांबून राहिलं. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, ते लागत नव्हतं.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नको."

दुसरा प्रश्न. अर्धाच आला. तिसरा आला नाही. वनशास्त्र, मी मनात म्हटलं. भूगोल. लॅटिन.

बाईंनी समोरचे कागद चाळले. "शेवटच्या पदार्थाचं तुम्हाला आधी तेल मिळालं, असं दिसतंय."

"हो."

"दाणा टाकलात?"

"विरघळला."

"म्हणजे काय?"

खडू घेतला. काचेवर होतं तसंच काढलं, पण आता मोठं. दोन हात. एक भरलेला. बोलत गेले. बाईंनी मध्येच उठून फळ्यावर दुसरंच काहीतरी काढलं, एक लांब साखळी, टोकाला वाकडी.

"हे पाहिलंय कधी?"

"नाही."

"मग इथे काय होईल?"

मी खूप वेळ बघत राहिले. इतका की गृहस्थांनी पाय बदलला. कुठे जास्त आहे? कुठे कमी? एक बाण काढला. एकाच दिशेने. आणि खडू खाली ठेवला, म्हणजे दुसरा काढायचा मोह होऊ नये.

बाई फळ्यासमोरून जागेवर परतल्या.

"आणि ते जास्तीचं अॅसिटोन? ते आलं कुठून?"

"मला माहीत नाही."

"बाहेर थांबा."

बाहेर बाक होता. मी बसले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि नखाने भिंत खरवडत राहिले, हे नंतर कळलं, नखात चुना होता. आत बोलण्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एकदा बाई हसल्यासारखं वाटलं. हसण्यावरून काहीच कळत नाही.

दार उघडलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "सुरुवात भयंकर होती. मी इतकी भयंकर सुरुवात बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. चार गुण देतोय आम्ही."

आमच्याकडे एक सगळ्यात चांगला. चार म्हणजे पास होण्याची शेवटची पायरी, पाच म्हणजे बाहेर. मी पायरीवर उभी होते. मला वाटतं मी 'धन्यवाद' म्हटलं. वाटतं की ते मोठ्याने म्हटलं नाही, कारण बाई अजून बघतच होत्या.

मग त्या टिपणं घेणाऱ्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं, आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकलं, हळू, जणू आत कोणी आहे का बघावं तसं.

*

त्या शुक्रवारी सकाळी माझी बस चुकली होती, आणि मी पोचायच्या आधी कोर्बिनियानने माझा चंबू अॅसिटोनने धुऊन, ओलाच, माझ्या जागेवर ठेवला होता.